नाझरसाहेबांची शुगर

कुणीतरी आजोबांना चोरून गोड खाऊ घालतंय, याबद्दल ओवीच्या घरात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो फक्त नावाचा.

संशयाला कारणही तसंच घडलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजोबांच्या डाव्या डोळ्यात उजेड मारून पाहिलं आणि हातातली बॅटरी टेबलावर ठेवली. "मोतीबिंदू पार पिकलाय, नाझरसाहेब. आणखी ताणलं तर डोळ्यात दाब वाढेल, मग माझ्याही हातात काही राहायचं नाही. पण आधी शुगर दीडशेच्या आत आणा. त्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही."

आजोबांचा उजवा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. उरला होता तो हा एकच. आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावं, की शुगर यायची थेट दोनशेच्या वर! एकदा आली असती तर चालून गेलं असतं. पण लागोपाठ दोनदा?

"मी काहीही खाल्लेलं नाही," आजोबा म्हणाले. बस्स, एवढंच. आजोबा, म्हणजे सदाशिवराव, जिल्हा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. कोर्टाचा मुद्देमाल सांभाळण्यात सगळी हयात गेलेली. एकच वाक्य दोनदा बोलायची त्यांना सवय नव्हती.

"खाल्लं नाही, तर शुगर काय टँकरमधून आली?" आई पुटपुटली, पण तेही स्वतः स्वयंपाकघरात गेल्यावर.

टँकरमधून बाकी सगळं येत होतं, हे मात्र खरं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पडेगावातल्या शेतांचे प्लॉट झाले होते, प्लॉटांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या आणि बिल्डिंगांचे बोअर नुसती हवा ओकत होते. टँकर आला की अख्खी सोसायटी बादल्या घेऊन खाली धावायची, आणि कुणी एक बादली जास्त नेली का, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या जिन्याकडं बघत राहायचा. संशय घ्यायची सवयच लागली होती सगळ्यांना. ओवीच्या घरानं ती फक्त पाण्यावरून साखरेवर नेली.

ओवी नववीत होती. शाळेच्या परिपाठाला मॅडमनी एकदा तिच्या हातात माईक दिला आणि तेव्हापासून तिच्या आवाजाला धारच आली. आधीची ओवी वर्गात हात वर करताना सुद्धा कोपर बाकाला टेकवून करायची. आताची ओवी रिक्षावाल्याशी भाव करायची, टँकरवाल्याला दटावायची. तिनं जाहीर करून टाकलं, "तहकीकात मी करणार."

"कर बाई," आई म्हणाली. "पप्पांची रात्रपाळी, मला बँक. कुणीतरी करायलाच हवी."

आता गंमत अशी, की पथ्यपाण्यात आजोबांसारखा माणूस शोधून सापडला नसता. पहाटे उठायचं, कोमट पाण्यात मध-लिंबू, वाटीभर भिजवलेल्या मनुका, मग दौलताबाद रोडला तासभर फिरणं. चहा बिनसाखरेचा. जेवायला ज्वारीची भाकरी, मेथीची नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, ताक. भात नाही, बटाटा नाही. बिस्किटाला तर ते खाण्याचा पदार्थच मानत नसत. "गोड केलेला पुठ्ठा," म्हणायचे. ओवीची परीक्षा जवळ आल्यापासून तीही पहाटे उठायची. आजोबांचा ग्लास तीच भरून द्यायची, आणि आजोबा त्यातलं अर्धं तिच्या पेल्यात ओतायचे. "घे. डोकं तरतरीत राहतं."

मग चोर कोण?

आईचा पहिला संशय द्वारकाबाईंवर. द्वारकाबाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. गावची विहीर आटली तशा जावेकडं पडेगावात येऊन राहिल्या होत्या आणि चार घरी भाकऱ्या करायच्या. ज्वारी त्या वर्षी भलतीच महागलेली. आईचं म्हणणं, दळण त्याच नेतात, तेव्हा ज्वारी काढून तांदूळ, मका, काहीही मिसळत असतील. तांदळानं शुगर वाढते.

ओवी दळणाबरोबर गिरणीत जाऊन उभी राहिली. ज्वारी गिरणीच्या तोंडात पडताना बघितली, पीठ बाहेर येताना बघितलं, चिमूटभर तोंडात टाकून बघितलं. गिरणीवाला ओरडला, "ताई, पिठाचं भूत झालीस, मागं सरक!" डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन ती घरी आली, तेव्हा द्वारकाबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"झाली का झडती?"

"तसं नाही हो मावशी..."

"तसंच हाय." त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि जाळावर धरली. भाकरी टम्म फुगली. "मिसळलेल्या पिठाची अशी फुगती व्हय? जा, वहिनींना दाव. आन् मला इचारशील तर आण्णांच्या उशीखाली हात घाल. म्हातारी माणसं लई हुशार असतात."

म्हणजे द्वारकाबाईंचा संशय आजोबांवरच! ओवीनं उशीखाली हात घातला. तिथं रुमाल, जपमाळ आणि लवंगांची डबी निघाली. लवंगा मोजल्या नाहीत तिनं, हुंगल्या मात्र.

मग पाळी आली मधाची. कन्नडच्या घाटातून एक माणूस तो आणून द्यायचा, जुन्या सरबताच्या बाटलीतून. "यातच गुळाचा पाक असणार," आई म्हणाली आणि तिनं बाटली ओट्यावर आरोपीसारखी उभी केली. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन थेंब सोडला. थेंब न विरघळता सरळ तळाला जाऊन बसला. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढली. पेटली! आईनं सुस्कारा सोडला. "मध शंभर टक्के खरा आहे. निदान याची तरी काळजी नको."

बाटली मानानं फळीवर परत गेली. आता घरात संशय घ्यायला कुणी उरलंच नाही, तेव्हा तो दाराबाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग ओवी.

रविवारी पहाटे तिनं स्कुटीवरच्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि आजोबांच्या मागं निघाली. पाठलाग करणं फारच सोपं होतं. ती अगदी बाजूनं चालली असती तरी आजोबांना दिसलं नसतं. ते काठीनं रस्त्याची कड चाचपत चालले होते. तिला मध्येच वाटलं, जाऊन हात धरावा. पण तहकीकात म्हणजे तहकीकात.

पुढं एका नव्या बिल्डिंगच्या भल्यामोठ्या जाहिरातीच्या फलकामागं फिरणाऱ्यांचा कट्टा जमायचा. तिथं बद्रीनाथ बसले होते. हे बद्रीनाथ म्हणजे त्याच जागेचे एके काळचे मालक. शेत विकलं होतं, पण पहाटे उठून तिथं यायची सवय विकता आली नव्हती. त्यांच्या हातात स्टीलचा थर्मास होता. आजोबा येताच त्यांनी झाकण उघडून कपात काहीतरी काळपट ओतलं. आजोबांनी इकडंतिकडं मान फिरवली, कप एका दमात रिता केला आणि घाईघाईनं मिशा पुसल्या.

"आणखी अर्धा, नाझरसाहेब?"

"द्या. घरी बोलू नका म्हणजे झालं."

सापडला! ओवी फलकाआडून बाहेर आली, स्कार्फ ओढून काढला आणि परिपाठाच्या आवाजात सुरू झाली. "काका, तुम्ही काय करताय, कळतंय का तुम्हाला? आजोबांना एकच डोळा आहे. तुम्ही त्यांना चोरून काय काय पाजताय, आणि तिकडं त्यांचं ऑपरेशन अडलंय. तुम्ही त्यांचा डोळा फोडताय, डोळा!"

आजोबांची काठी हातातून निसटली.

बद्रीनाथांनी कप भरला आणि तिच्यापुढं धरला. "घे ताई. मुद्देमाल बघून घे."

ओवीनं कप घेतला आणि तोऱ्यात मोठ्ठा घोट मारला. कडू! म्हणजे साधं कडू नाही. कारलं, कडुनिंब आणि गुळवेल असं सगळं एकदम तोंडात येऊन भांडावं तसं. तिचे डोळे भरून आले, कान गरम झाले, पण इतक्या माणसांसमोर थुंकायचं कसं? तिनं ते गिळलं.

"गोड हाय का?" बद्रीनाथांनी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"घरच्यांना वास आवडत नाय, म्हणून नाझरसाहेब गुपचूप पितात. दुसरं काय." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. "पण उद्यापासनं बंद. माझ्या काढ्यानं कुणाचा डोळा फुटाया नको."

आजोबांनी काठी उचलली आणि घराकडं निघाले. रस्ता ओलांडायचा होता. एरवी ते ओवीच्या खांद्यावर हात ठेवायचे. तिनं खांदा पुढं केला, पण त्यांनी हात मागंच ठेवला. एक टँकर पाणी सांडत गेला, मागं दुसरा, मागं जीप. आजोबा कडेला उभे राहून आवाजाचा अंदाज घेत होते. एक पाऊल टाकायचे, परत मागं घ्यायचे. ओवी शेजारीच उभी होती, आणि इतकी जवळ असून तिला त्यांच्यासाठी काही करता येत नव्हतं. शेवटी एका दूधवाल्यानं मोटारसायकल थांबवून त्यांना पलीकडं नेलं.

घरी येऊन ते आईला फक्त एवढंच म्हणाले, "कोर्टात चोरसुद्धा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे, नीरजा." नंतर ते फिरायला गेले नाहीत. ओवीशी बोललेही नाहीत. ग्लास घ्यायचे, अर्धं तिच्या पेल्यात ओतायचे, ते मात्र चुकवलं नाही. तेच तिला जास्त लागायचं.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी ओवीनं ठरवलं, आज आपल्या डोळ्यांसमोरून मुंगी सुद्धा सुटणार नाही. आदल्या संध्याकाळी आजोबा जेवल्यापासून तिनं साखरेचा डबा, गुळाची ढेप, फ्रीज, सगळं स्वतःच्या नजरेखाली ठेवलं. पहाटे उठून तिनं रोजच्यासारखा ग्लास दिला, मनुकांची वाटी दिली, स्वतःचा पेला संपवला आणि आजोबांच्या आधी चपला घालून दारात उभी राहिली.

छावणीजवळच्या लॅबमध्ये खुर्च्यांवर सगळी उपाशी माणसं जांभया देत बसलेली. काउंटरवरच्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजोबा, काही खाल्लं नाही ना?"

"नाही."

"मी साक्षीदार आहे," ओवी म्हणाली.

बाईंनी बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. दोनशे एकतीस.

आजोबा नुसता हात पुढं धरूनच बसले, जणू कुणीतरी तो परत घ्यायला सांगेल. ओवीला ते बघवेना. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मशीन! घरातले सगळे सुटले, बद्रीनाथ सुटले, उरलं काय? हे मशीनच खोटं बोलतंय!

"तुमचं मशीन बिघडलंय," ती म्हणाली. खुर्च्यांवरच्या जांभया थांबल्या. "माझं बोट टोचा. मला काही शुगर-बिगर नाही. माझी पण जास्त आली, तर मशीन खोटं."

"अगं, पण तू काही खाल्लं असशील."

"काहीच नाही! रात्री जेवले त्यावर काही नाही. पहाटे आजोबांबरोबर मधाचं पाणी घेतलं, त्यांच्यातल्या दोन मनुका, बाकी का—"

तिचं तोंड उघडंच राहिलं. बाईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

"मधाचं पाणी," बाई म्हणाल्या. "कधी?"

"आत्ता. निघताना." ओवीचा आवाज इतका बारीक झाला की तिला स्वतःलाच ओळखू येईना.

"आजोबा, मागच्या दोन्ही वेळेला पण घेऊन आला होतात?"

"अर्थात," आजोबा ताठ बसून म्हणाले. "तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. ते अनशापोटीच घ्यायचं असतं. त्यासाठीच तर पोट रिकामं ठेवतात."

"पण मी विचारलं ना, काही खाल्लं का?"

"खाल्लं का विचारलंत, तर नाही सांगितलं. मध, भिजवलेल्या मनुका म्हणजे काय खाणं आहे? ते औषध आहे, बाई. आमच्याकडं मध-पाणी घेऊन माणूस उपाशीच धरतात."

बाईंनी कपाळाला हात लावला. मागं कुणीतरी हसू दाबलं. ओवीला मात्र हसू आलं नाही. चोर सापडला होता, आणि तो ग्लासात भरून आजोबांच्या हातात रोज तीच देत होती.

घरी सगळं सांगितलं, तेव्हा आई मटकन खाली बसली. "मनुका मीच भिजवत होते गं, रोज रात्री. आणि मध तपासला पण होता की आपण! इतका खरा निघाला!"

"खरा निघाला तितंच घात झाला," द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आन् झडती माझ्या पिठाची!"

आईनं तोंडातल्या तोंडात "चुकलं हो" म्हटलं. द्वारकाबाईंनी ते ऐकून घेतलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मध आणि मनुका आजपासून बंद, फिरणं मात्र चालू, आणि दहा दिवसांनी पुन्हा या. आजोबांनी फोन ठेवला आणि आता संशय घ्यायची पाळी त्यांची आली. "डॉक्टरांचं मधाशी काय वैर आहे? माझे वडील याच मधावर नव्वदी गाठून गेले."

"त्यांना शुगर होती का?" ओवीनं विचारलं.

"त्या काळी मोजत कोण होतं?"

"मग मधानं त्यांचं भलं केलं का वाईट, हे तरी कुणी मोजलं?"

आजोबांनी तिच्याकडं तोंड वळवलं. डोळ्यावरच्या पांढऱ्या सायीमागून ते तिला शोधत होते. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी बोलले होते, आणि बोलले तेही भांडायला. ओवीला तेवढ्यानंही भरून आलं.

"आजोबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, ते चुकलंच. तुम्ही खोटं बोललाच नव्हता. पण शुगरही खोटं बोलत नव्हती हो."

आजोबा म्हणाले, "उद्यापासून साधं पाणी दे. कोमट करून."

पण नुसतं मध बंद करून भागणार नव्हतं. फिरणं पण बंद पडलं होतं, आणि ते ओवीनं बंद पाडलं होतं. संध्याकाळी ती बद्रीनाथांच्या घरी गेली. या खेपेला माईकचा आवाज नव्हता. बद्रीनाथ अंगणात बसून कडुनिंबाच्या काड्या सोलत होते. शेत गेलं तरी बांधावरचं झाड त्यांनी बिल्डरकडून मागून ठेवलं होतं.

"डोळा फोडणाऱ्याकडं काय काम काढलंस?"

"काका, चुकले मी. तुम्हाला चारचौघांत बोलले. पाहिजे तर उद्या कट्ट्यावर येऊन चारचौघांतच माफी मागते. पण आजोबा घरात बसलेत. माझ्या सांगण्यावरून ते बाहेर नाही पडायचे. तुम्ही बोलवा ना."

"मी बोलवू? मानपान सोडून?"

"हो."

"लई धीट हाय गं पोरगी." ते काडी सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खालून हाक आली. साऱ्या सोसायटीला वाटलं टँकर आला. तीन गॅलऱ्यांत बादल्या वाजल्या. "ओ नाझरसाहेब! उतरता का मी वर येऊ? माझे गुडघे दुखतात, वर आलो तर चहा प्यावा लागंल, तोही तुमचा बिनसाखरेचा!"

आजोबा काठी शोधायला लागले. ओवीनं ती त्यांच्या हातात दिली. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले, चाचपडले आणि त्यांचा हात तिच्या खांद्यावर आला.

दहा दिवसांनी लॅबच्या बाईंनी प्रश्न जरा लांबवला. "आजोबा, खाल्लं का, प्यायलं का, चाटलं का, चघळलं का?" आजोबांनी प्रत्येकाला वेगवेगळं "नाही" सांगितलं. शुगर आली एकशे एक्केचाळीस. आईनं तो आकडा पप्पांना कंपनीत फोन करून ऐकवला, आणि ओवीनं तो पुन्हा मागून ओरडून ऐकवला.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला बोलावलं होतं. आत सगळ्यांना सोडणार नव्हते, म्हणून ओवी बाहेर बाकावर बसली. गेटपाशी कैऱ्यांची गाडी होती. नुसतं बसवेना, तेव्हा ती दोन मिनिटांसाठी बाहेर जाऊन आली. तेवढ्यात आईनं दारातून हाक मारली.

आजोबा खुर्चीत बसले होते. डोळा लाल, पाणावलेला, पण उघडा. समोरच्या फळीवरची अक्षरं ते वरून खाली वाचत आले होते आणि डॉक्टर हसत होते. ओवी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आजोबांनी तिच्याकडं बघितलं. शोधलं नाही, चाचपडलं नाही, सरळ बघितलं. खूप वेळ.

"काही खाल्लंस का आत्ता?"

"नाही! कुठं काय?" ओवी म्हणाली. इतक्या लोकांत आणि डॉक्टरांसमोर कशाला कबूल करायचं?

आजोबा जरा पुढं झुकले.

"ओठाच्या डाव्या कोपऱ्याला तिखटमीठ लागलंय," ते म्हणाले.